फुसताईंच्या कानातला आवाज

फुसताईंची गाडी विकायची हे मंगळवारी ठरलं आणि फुसताईंना ते बुधवारी कळलं. गाडी त्यांच्या नावावर, घेतली त्यांच्या पगारातून, अकरा वर्षं चालवली त्यांनी. पण ज्या बैठकीत हा निर्णय झाला तिला त्या सोडून सगळे हजर होते. नवरा खुर्चीवर, मुलगा उभा, मुलगी आणि जावई फोनवर. सूनही होती, पण तिला साक्षीदार म्हणून बसवलं होतं. मत द्यायला नव्हे.

आता हे 'फुसताई' काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, कारण नाव ऐकून माणसाला भलतंच काहीतरी वाटतं. त्यांना घरात कोणी असं म्हणत नाही. हे नाव डेअरीवरचं. शहराबाहेर चौदा किलोमीटरवर एक मोठी डेअरी आहे, तिथल्या धारेच्या शेडवर त्या चोवीस वर्षं काम करतात आणि गेली नऊ वर्षं तिथल्या मुकादम आहेत. तिथे धार हातानं काढत नाहीत. शेडच्या छताखालून एक लांब स्टीलचा पाइप गेलेला आहे. एका टोकाला पंप आहे, तो पाइपातली हवा सतत ओढून बाहेर टाकतो. पाइपाला रबरी नळ्या लटकतात, प्रत्येक नळीच्या टोकाला चार कप. ते गाईच्या सडांना लावले की त्या ओढीनं दूध येतं. या ओढीला तिथले सगळे व्हॅक्यूम म्हणतात. सगळा खेळ त्या व्हॅक्यूमचा. कुठे नळीला नखाएवढी चीर पडली तरी बाहेरची हवा आत घुसते, ओढ कमी होते, गाय लाथा झाडते आणि चार दिवसांत कास सुजते.

हवा आत घुसताना आवाज होतो. फुस्स. बारीक, सलग, जीभ दातांना लावून श्वास आत ओढल्यासारखा. पंप धडधडतोय, वीस गाई हंबरतायत, कोणीतरी बादल्या आपटतंय, आणि या बाई दारातून आत येता येता म्हणणार, "अकरा नंबरला फुस येतेय." जाऊन बघावं तर अकरा नंबरच्या नळीला चीर. पहिल्या वर्षी लोक हसले आणि हे नाव ठेवलं. दुसऱ्या वर्षापासून त्या रजेवर असल्या की मॅनेजर स्वतः फोन करून परत कधी येणार ते विचारायला लागला. चोवीस वर्षं ज्या कानावर साठ गाईंची कास सांभाळली गेली, तो कान घरच्यांनी मंगळवारी संध्याकाळी अर्ध्या तासात बाद केला.

झालं होतं असं. दोन महिन्यांपासून गाडी चौकात थांबली की थरथरायची आणि बंद पडायची. चालताना ठणठणीत. थांबली की आजारी. ब्रेकचं पेडल जड लागायला लागलं होतं आणि पायाजवळ कुठेतरी आवाज यायचा. कसला आवाज, हे फुसताईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी घरी येऊन सरळ सांगितलं, गाडी कुठूनतरी हवा ओढतेय, फुस येतेय.

मुलानं गाडी गॅरेजमध्ये नेली. मुलगा समंजस आहे, कष्टाळू आहे, आणि पडद्यावर जे दिसत नाही ते नसतंच असं मानणाऱ्यांपैकी आहे. गॅरेजवालाही त्याच गावचा. त्यानं आपली बिघाड दाखवणारी डबी गाडीला जोडली. डबी म्हणाली, इंजिनात हवा जास्त जातेय आणि पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे बघा, डबीसुद्धा तेच म्हणत होती जे फुसताई म्हणत होत्या. पण हवा कुठून जातेय ते डबीला सांगता येईना, आणि फुसताईंना कोणी विचारीना. गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, फिल्टर बदलला, एक सेन्सर बदलला. आठ दिवसांनी गाडी पुन्हा चौकात बंद. पुन्हा गॅरेज. तिसऱ्या खेपेला त्यानं हात पुसत निकाल दिला की काकू, गाडीत आता काही नाही, तुम्ही क्लच सोडताना घाई करता.

तेहतीस वर्षं गाडी चालवणारी बाई क्लच सोडताना घाई करायला लागली, तीही अचानक, तीही फक्त चौकात. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मुलाला ते पटलं. खात्री करायला त्यानं एक आठवडा गाडी स्वतः चालवली. एकदाही बंद पडली नाही. यापुढे पुरावा तो काय पाहिजे?

मग घरातल्या प्रत्येकाला काहीतरी आठवायला लागलं. नवऱ्याला आठवलं की मागच्या वर्षी डेअरीच्या तपासणीत कानाचे डॉक्टर म्हणाले होते, पंपाच्या आवाजानं डावा कान थोडा कमी झालाय, अशांना कधीकधी कानात आवाज येतात. झालं. फुस गाडीत नव्हतीच, फुसताईंच्या कानात होती. पेडल जड लागतं म्हणतेस? मुलीनं फोनवरून सांगितलं, आई, तुझे गुडघे. जावयानं एक व्हिडिओ पाठवला, साठीजवळ आल्यावर माणसाची चपळाई कशी कमी होते त्याचा. फुसताई सत्तावन्न वर्षांच्या होत्या. रोज पहाटे साडेतीनला उठत होत्या आणि जावई साडेनवाला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. गाडीची नळी सुटली मोकळी आणि बाईचे कान, गुडघे, हात, वय सगळं पिंजऱ्यात उभं.

शेवटचा घाव बैठकीच्या आधीच्या शनिवारी बसला. फुसताई नातीला शाळेतून आणायला निघाल्या होत्या, सून बरोबर होती. परत येताना मोठ्या चौकात गाडी थांबली, थरथरली, बंद पडली. सिग्नल सुटला. मागे ट्रक होता, त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. फुसताईंनी गाडी सुरू केली, पुन्हा बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. नात रडायला लागली. चौथ्यांदा गाडी निघाली आणि तिघी घरी आल्या. सून पांढरीफटक झाली होती. तिला मंगळवारच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला गेला, आईचे हात थरथरत होते का? ती हो म्हणाली. थरथरत होतेच. पाठीशी ट्रक, शेजारी सून, मागे चार वर्षांची नात आणि गाडी मेलेली. अशा वेळी ज्याचे हात थरथरत नाहीत त्याच्या हाती कोणी आपलं पोर देऊ नये.

बुधवारी मुलानं आईला समोर बसवून सगळं सांगितलं. आवाज खाली, शब्द मऊ, आजारी माणसाला सांगावं तसं. तुझ्याच काळजीपोटी. उद्या काही झालं तर. पुढच्या गल्लीतले चष्म्याचे दुकानदार, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात, त्यांना भाचीसाठी छोटी गाडी हवीच आहे. रविवारी चारला येतील.

कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असून कोणी बोललं नव्हतं, की गाडी गेली म्हणजे नोकरी गेली. पहिली धार पाचला सुरू होते. त्या वेळी डेअरीकडे ना बस जाते ना माणूस. निवृत्तीला तीन वर्षं होती. मुलगा म्हणाला, तशीही किती राबणार आहेस, आता आराम कर.

आणि फुसताई म्हणाल्या, "बरं."

हे 'बरं' का निघालं तोंडातून, याचा त्यांना पुढे सगळ्यात जास्त संताप आला. घरच्यांवर आला त्याहून जास्त. पण खरं ते खरं. चार माणसं, तीही आपली, महिनाभर रोज सांगत राहिली की तुझ्या कानात आवाज येतात, तर पाचव्या आठवड्यात माणूस उशीवर डोकं टेकवून ऐकायला लागतो, खरंच येतात की काय. फुसताईंनीही ऐकून बघितलं होतं. रात्रीच्या शांततेत काहीच ऐकू आलं नाही, तरी शंका गेली नाही. चौकात थांबायची वेळ आली की त्या क्लचकडे बघायच्या, आपल्याच पायाकडे बघायच्या. डेअरीवर ज्या बाईच्या शब्दावर मॅनेजर पंप बंद करायचा, ती घरात स्वतःच्या पायावर संशय घ्यायला लागली होती. माणसाचा आत्मविश्वास काढून घ्यायला शत्रू लागत नाही, घरची काळजी पुरते.

शुक्रवारी शेडवर एक साधीच गोष्ट घडली. सात नंबरला गाय लावल्याबरोबर व्हॅक्यूम दाखवणारा काटा खाली पडला आणि फुस यायला लागली. नवीन आलेली बाई गोंधळून म्हणाली की धार सुरू करायच्या आधी तर तिनं सगळ्या नळ्या तपासल्या होत्या, काटा जागेवर होता. फुसताई सवयीनं म्हणाल्या, "रिकाम्या नळीचं काय ऐकतेस? गाय लाव, मग विचार तिला." एवढं बोलून त्या पुढे गेल्या. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं नाही.

शनिवारी दुपारी मात्र त्यांनी पदर खोचला. गाडी जाणार तर जाऊ दे, पण काय झालं होतं ते कळल्याशिवाय नाही. त्यांनी गाडी दारासमोर उभी केली, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडलं आणि इंजिन सुरू ठेवलं. साहित्य घरचंच. कपड्यांना पाणी मारायच्या बाटलीत साबणाचं पाणी, हातभर रबरी नळी, आणि जुनं फडकं गुंडाळलेली पक्कड. साबणाचं पाणी इंजिनाच्या पाइपांवर, जोडांवर मारायचं. जिथे चीर असेल तिथे पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनाचा सूर बदलतो. नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं पाइपांवरून फिरवायचं. आणि पक्कड कशाला, तर डेअरीत हवा चोरणारी नळी शोधायची असली की एकेक नळी चिमटीत दाबून बंद करतात. जी दाबल्यावर काटा वर येतो ती चोर.

पाऊण तास त्या गाडीत डोकं घालून होत्या. एकेक जोड भिजवला, एकेक पाइप ऐकला, एकेक नळी दाबली. इंजिन आपलं एकसुरात गुणगुणतंय. सगळ्या नळ्या सज्जन.

नवरा ओट्यावर पेपर घेऊन बसला होता. त्यानं जन्मात गाडीचं चाक बदललं नव्हतं, पण म्हण त्याच्याजवळ तयार होती. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

फुसताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला तेहतीस वर्षं प्रत्येक लग्नाला, प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक स्टेशनवर त्यांनी नेलं आणलं होतं. त्याचं कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा खड्डे चुकवत याच गाडीतून घरी आणलं होतं. तेव्हा अंगण सरळ होतं. त्यांनी पक्कड टेकवली आणि गाडीच्या सीटवर दार उघडं टाकून बसल्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी तेलकट मनगटानं पुसलं.

आणि इंजिन सुरू असलेल्या गाडीत बसल्यावर जे त्या नेहमी करतात ते त्यांच्या पायानं आपोआप केलं. पाय ब्रेकवर गेला. इंजिन थरथरलं. पायाजवळून आवाज आला. फुस्स.

त्यांनी पाय उचलला. आवाज गेला. पाय ठेवला. आवाज आला.

रिकाम्या नळीचं काय ऐकतेस, असं त्या आदल्या दिवशी दुसरीला म्हणाल्या होत्या आणि स्वतः पाऊण तास रिकामी गाडी ऐकत होत्या. या गाडीची गाय म्हणजे ब्रेकवरचा पाय. गॅरेजवाल्यानं तीन वेळा गाडी तपासली ती हँडब्रेक ओढून, कुणी सीटवर नसताना. चालवून बघितली तेव्हा चौकात उभा राहिला तो गाडी गुरगुरवत, रेसवर पाय ठेवून, कारण गॅरेजवाल्यांना शांत उभं राहवत नाही. मुलाला तर चौकात थांबलं की हँडब्रेक ओढून पाय मोकळे करायची सवय. फुसताईंना गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं होतं की थांबलीस की सिग्नल सुटेपर्यंत पाय ब्रेकवर. त्यांनी तेहतीस वर्षं तसंच केलं. म्हणजे सगळ्या घरात शिकवल्यासारखी गाडी चालवणारी एकच बाई, आणि गाडी तिच्याच पायाखाली बंद पडणार, आणि मग सगळ्यांनी मिळून तिलाच गाडी येत नाही म्हणायचं. असा न्याय!

पण आता नवी अडचण. पाय ब्रेकवर ठेवायचा तर सीटवर बसायला हवं, आणि नळी दाबायची तर बॉनेटखाली. एका माणसाचं हे काम नव्हे. म्हणूनच ते आजवर कोणाला सापडलं नव्हतं. नवऱ्याकडे बघितलं तर तो म्हणाला, मला काय कळतं त्यातलं. मघाशी अंगण वाकडं ते कळत होतं.

तेवढ्यात सून वाळलेले कपडे काढायला बाहेर आली. बुधवारपासून सासू-सुनेत कामापुरतंच बोलणं होतं. फुसताईंच्या मनात ते 'हो' सलत होतं आणि सुनेला ते कळत होतं. दुसरं कोणी नव्हतंच म्हणून फुसताईंनी तिला हाक मारली आणि सीटवर बस म्हणाल्या. ती घाबरली.

"आई, मला गाडी येत नाही."

"नसू दे. पाय ठेवता येतो ना? मधलं पेडल. मी दाब म्हटलं की दाब, सोड म्हटलं की सोड."

ती कपड्यांची चळत मांडीवर घेऊनच बसली. फुसताई बॉनेटखाली गेल्या. दाब म्हणाल्या, इंजिन थरथरलं. सोड म्हणाल्या, शांत झालं. तीनदा तेच. मग त्यांनी इंजिनापासून मागे जाणारी अंगठ्याएवढी जाड नळी हातात घेतली. ती जाते पेडलाच्या पलीकडे असलेल्या एका काळ्या, पसरट डब्यात. इंजिनाची ओढ वापरून तो डबा ब्रेक हलका करतो. म्हणून तर पेडल जड लागत होतं, गुडघ्यांमुळे नव्हे. फडकं गुंडाळलेल्या पकडीनं त्यांनी ती नळी घट्ट आवळली.

"दाब."

सुनेनं ब्रेक दाबला. इंजिन हललंसुद्धा नाही. पक्कड सैल केली, इंजिन थरथरलं. आवळली, शांत. सैल केली, थरथरलं. डब्याच्या आतला पडदा फाटलेला होता. पाय पडला की फट उघडत होती, नको ती हवा इंजिनात घुसत होती आणि ते मरत होतं. चोर सापडला होता, रंगेहाथ.

फुसताई सरळ झाल्या. त्यांना ओरडायचं होतं, पण त्याआधी सून खिडकीतून बोलली, हळू आवाजात.

"आई, हाच आवाज. त्या दिवशी चौकातही हाच येत होता."

फुसताईंना आधी नीट कळलंच नाही. त्या खिडकीजवळ आल्या. "तू ऐकलास?"

"ऐकला ना. माझ्या पायाजवळपण येत होता."

"मग बोलली का नाहीस? चार दिवस मी वेडी ठरतेय या घरात."

"मला आवाजाचं कोणी विचारलंच नाही. हात थरथरत होते का, एवढंच विचारलं. थरथरत होते म्हणून हो म्हटलं."

"आणि तुला तोंड नाही?"

सुनेनं मांडीवरचे कपडे उगाच नीट केले. मग वर बघून म्हणाली, "आहे. पण तुम्ही दोन महिने सांगत होतात. तुमचंच कोणी ऐकलं नाही, तर माझं कोण ऐकणार होतं?"

फुसताई तिच्यावर चिडायला निघाल्या होत्या. चिडता आलं नाही. हे उत्तर चुकीचं असतं तर किती बरं झालं असतं. ही पोरगी सात वर्षं या घरात आहे. या सात वर्षांत तिला कोणी कधी काय विचारलं, हे फुसताईंनी आठवून बघितलं. भाजीत मीठ पडलंय का, यापुढे फारसं काही आठवेना. आणि ते न विचारणाऱ्यांत त्या स्वतःही होत्या. बुधवारी त्यांच्या मनात आलं होतं की हिनं 'हो' का म्हटलं ते हिला विचारावं. विचारलं नव्हतं. अबोला धरला होता, तो सोपा असतो.

"पाय काढ आता," त्या म्हणाल्या. "दुखेल."

रविवारी सकाळी त्यांनी गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. गाडी नेणार नाही, तूच ये, म्हणून. तो आला. फुसताईंनी त्याला काही सांगितलं नाही, फक्त सीटवर बसवलं आणि ब्रेकवर पाय ठेवायला लावला. त्यानं आवाज ऐकला, त्याचा चेहरा पडला, आणि तो काय म्हणाला असेल? म्हणाला, काकू, हे आधी सांगायचं ना. फुसताईंनी त्याला शांतपणे तारीखवार आठवण करून दिली की त्यांनी ते तीनदा सांगितलं होतं. एकदा तो फोनवर बोलत होता, एकदा डबीकडे बघत होता आणि एकदा मुलाकडे बघत होता. त्यांच्याकडे एकदाही नाही. तो बिचारा मान खाली घालून गेला आणि भंगारात निघालेल्या तसल्याच गाडीचा चांगला डबा घेऊन आला. दुपारी एकपर्यंत काम झालं. पेडल लोण्यासारखं खाली गेलं. इंजिन जागचं हललं नाही.

मुलगा दुपारी घरी आला. त्याला सगळं सांगितलं गेलं. त्यानं मन लावून ऐकलं, आईचं कौतुक केलं, गाडीत बसून स्वतः ब्रेक दाबून बघितला. फुसताई त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. चूक झाली, एवढे दोनच शब्द. फार नव्हे. तो गाडीतून उतरला आणि खुशीत म्हणाला, "हे एक बरं झालं. आता चष्मेवाल्यांना गाडी निर्धास्त देता येईल."

म्हणजे गाडीचा दोष निघाला, पण फुसताईंवरचा शिक्का तसाच. आधी गाडी चांगली म्हणून बाई वाईट होती. आता गाडी वाईट होती हे सिद्ध झालं, तरी बाई काही चांगली ठरेना. तेव्हा त्यांना उमगलं की या खटल्यात गाडीचा संबंध कधी नव्हताच. निकाल आधी लिहिलेला होता, पुरावा नंतर शोधला होता.

त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा समजला की मान्य आहे. बुधवारचं 'बरं' त्याच्या लक्षात होतं.

चारला चष्मेवाले आले. सज्जन माणूस, पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडून आत आला. गाडीभोवती फिरला, काचा बघितल्या, आणि कोणीही विचारील ते विचारलं, की एवढी चांगली ठेवलेली गाडी विकता का? मुलगा म्हणाला, आईचं वय झालंय, तिला आता झेपत नाही. आई चार हात लांब उभी होती.

"गाडी विकायची नाहीये," फुसताई म्हणाल्या. "ब्रेकचा डबा फाटला होता, तो बदलला. वय माझं सत्तावन्न आहे आणि मला सगळं झेपतं. तुम्हाला हेलपाटा पडला, चहा घेऊन जा."

मुलगा गोरामोरा झाला. आईला बाजूला घेऊन कुजबुजायला लागला. "आई, तू हो म्हणाली होतीस. मी त्यांना शब्द दिलाय."

"कोणी दिलाय?"

"मी."

"मग तू पाळ. तुझी गाडी दे त्यांना."

हे त्या कुजबुजल्या नाहीत. मुलाची मोठी पांढरी गाडी समोरच उभी होती. चष्मेवाले भोळे, त्यांनी खरंच वळून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं की ही किती वर्षं झाली घेऊन. ओट्यावर नवऱ्याचा पेपर उंच झाला. स्वयंपाकघराच्या दारात सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि तो ट्रे हसण्यानं हलत होता.

चष्मेवाले चहा घेऊन गेले. मग नवरा पेपर घडी करत, मोठेपणानं म्हणाला, "चल, झालं गेलं. गाडी राहिली ना तुझी? आता राग सोड."

फुसताई चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी ते पुन्हा खाली ठेवले.

"माझे कान गेले ते तुम्ही ठरवलंत. गुडघे गेले ते तुम्ही ठरवलंत. गाडी विकायची, नोकरी सोडायची, सगळं तुम्ही ठरवलंत. आता राग कधी सोडायचा ते मी ठरवीन."

आणि त्यांनी तो सोडला नाही. सोमवारी पहाटे गाडी काढताना तो होता, पाचला शेडवर पोचताना होता, आणि नंतरही चांगला दीड महिना होता. तेवढ्या दिवसांत मुलानं दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा त्याची सुरुवात 'तसं नाही गं आई' अशी झाली. फुसताईंनी दोन्ही वेळा त्याला अर्ध्यावर थांबवून, आधी बायकोची मागून ये, म्हणून परत पाठवला.